चान्स घ्यायच्या आधी गांजा किती दिवस बंद हवा? नवरा-बायको दोघांसाठी नेमकी माहिती हवी आहे

खाझनवाट (पेडणे)

गोव्यातल्या हरमल, मांद्रे, मोरजी या किनारपट्ट्यातल्या नव्या जोडप्यांच्या समुपदेशनात एक विषय हल्ली सतत पुढे येतो, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. लग्नाला दीड-दोन वर्षं झालेली, चान्स घेणं सुरू, आणि नवरा सीझनभर रोज संध्याकाळी एक-दोन जॉइंट ओढणारा. काही घरांत बायकोही ओढते, पण सासरी ते कुणाला ठाऊक नसतं. सासू सुनेला घेऊन डॉक्टरकडे जाते, तिच्या सोनोग्राफीपासून हॉर्मोनपर्यंत सगळ्या तपासण्या होतात. नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी मात्र राहून जाते.

"दारूपेक्षा बरा, झाडपालाच तर आहे" हे पोरांचं ठरलेलं उत्तर. उलट बाजूला "गांजाने माणूस नामर्द होतो" म्हणून घाबरवणारे. या दोन्हींनी कुणाचं भलं होत नाही. शुक्राणूंवर परिणाम होतो तो कशामुळे आणि किती? बंद केल्यावर कधी भरून निघतो? तपासणी केव्हा केली तर रिपोर्टवर विसंबता येईल? बाईच्या बाजूने काय होतं? आणि दिवस गेल्यावर उमासे थांबायला "थोडासा ओढला तर चालतो" असं मैत्रिणींकडून ऐकून आलेल्या मुलीला काय सांगायचं?

आकडे द्याल तर ते किती माणसांवरचे तेही सांगा. समोरची मुलं लगेच मोबाईल काढून दाखवतात, की अमक्या अभ्यासात गांजा ओढणाऱ्यांचाच काउंट (शुक्राणूंची संख्या) जास्त निघाला.

सूक्ष्मदर्शक (फोंडा)

मोबाईलवाल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण ती मुलं खोटं बोलत नाहीत. तो अभ्यास खरा आहे. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या वंध्यत्व केंद्रात आलेले ६६२ पुरुष, त्यांचे १,१४३ नमुने, प्रसिद्धी २०१९. आयुष्यात कधीतरी गांजा ओढलेल्यांचा काउंट मिलिलिटरला सरासरी ६२.७ मिलियन, कधीच न ओढलेल्यांचा ४५.४. पण "कधीतरी" म्हणजे काय ते बघा: आयुष्यभरात दोनपेक्षा जास्त जॉइंट. या गटातल्या बहुतेकांनी ओढणं केव्हाच सोडलेलं होतं, चालू ओढणारे थोडे. रोज संध्याकाळी ओढणाऱ्या माणसाविषयी हा अभ्यास जवळजवळ काहीच सांगत नाही.

त्याच्यासाठी डेन्मार्कचा अभ्यास बघावा, २०१५चा. लष्करी भरतीच्या वैद्यकीय तपासणीला आलेले १८ ते २८ वयाचे १,२१५ तरुण. म्हणजे वंध्यत्वाचे रुग्ण नव्हेत, सर्वसाधारण पोरं. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा ओढणाऱ्यांत शुक्राणूंची घनता २८ टक्क्यांनी आणि एकूण संख्या २९ टक्क्यांनी कमी निघाली. गांज्याबरोबर दुसरी नशाही करणाऱ्यांत ही घट ५२ आणि ५५ टक्के होती. पार्ट्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हा दुसरा आकडा नीट लक्षात ठेवावा. तिथे गांजा क्वचितच एकटा असतो.

आता २८ टक्के घट म्हणजे मूल होणार नाही का? तसं नाही. ज्याचा काउंट मुळात ७० मिलियन आहे तो ५० वर आला तरी काही अडत नाही. ज्याचा मुळात २० आहे तो १४-१५ वर येतो आणि तिथे अडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिलिलिटर, मिलिलिटरला १६ मिलियन, एकूण ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर अजून जुन्या आवृत्तीचे आकडे छापलेले असतात, तेव्हा मर्यादा कुठल्या सालची ते आधी बघा. आणि आकार ४ टक्के वाचून घाबरणारे फार असतात. १०० पैकी ४ नीट असणं इथे नॉर्मलच्या आत धरतात.

परिणाम होतो कशाने? आपल्या शरीरातच गांज्यासारखी द्रव्यं अगदी अल्प प्रमाणात तयार होतात, त्यांतलं मुख्य आनंदामाइड. त्यांना ओळखणारे सीबी१ रिसेप्टर मेंदूत आहेत, वृषणात आहेत आणि खुद्द शुक्राणूवरही आहेत. शुक्राणू बाहेर पडल्या पडल्या आनंदामाइड त्याला आवरून धरतं. तो गर्भाशयातून नलिकेकडे जातो तसं भोवतालचं प्रमाण उतरत जातं आणि मग त्याचा वेग वाढतो. डोक्यावरची टोपी, म्हणजे अ‍ॅक्रोसोम, योग्य वेळी फुटून अंड्याचं कवच भेदणारी एन्झाइम सोडते. गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी, ती त्याच कुलपात बसणारी चावी आहे, पण ती नको त्या वेळी आणि फार जास्त प्रमाणात येते. प्रयोगशाळेत शुक्राणूंवर टीएचसी घातल्यावर पुढे सरकण्याचा वेग कमी झाला आणि अ‍ॅक्रोसोमचं कामही मंदावलं, हे दिसलेलं आहे. नेहमीच्या वीर्यतपासणीत अ‍ॅक्रोसोमचं काम तपासलं जात नाही. म्हणून "काउंट नॉर्मल आला, आता ओढायला हरकत नाही" हा निष्कर्ष चुकीचा.

टेस्टोस्टेरॉनबद्दल मात्र ठाम बोलू नका. १९७४ साली एका गटाला ते कमी दिसलं, त्याच वर्षी दुसऱ्याला काहीच फरक दिसला नाही, आणि तो घोळ माणसांच्या अभ्यासांत अजून मिटलेला नाही. माकडांत चित्र जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेत ओरेगनला सहा ऱ्हीसस नरांना खाण्यातून टीएचसी दिलं, मात्रा हळूहळू वाढवत. वृषणांचा आकार निम्म्याहून खाली आला, टेस्टोस्टेरॉन उतरलं. बंद केल्यावर चार महिन्यांनी आकार काही प्रमाणात भरून आला, पूर्ण नाही.

आता दिवसांचा हिशोब. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर एपिडिडिमिसमध्ये, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत, पक्व व्हायला आणखी १० ते १४ दिवस. धरून चला ९०. म्हणजे आज दिलेल्या नमुन्यात तीन महिन्यांपूर्वीचं वागणं दिसतं. आठ दिवस बंद ठेवून तपासणीला येणाऱ्यांचा रिपोर्ट ओढण्याच्या काळाचाच असतो. शिवाय टीएचसी चरबीत साठतं. अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीतून ते तीन-चार दिवसांत जातं, रोज भरपूर ओढणाऱ्याच्या लघवीत महिना उलटला तरी सापडतं. अशा माणसाने ९० ऐवजी १२० दिवस धरावेत.

आणखी एक अभ्यास समुपदेशनात उपयोगी पडेल. ड्यूक विद्यापीठात २०१८ साली २४ पुरुषांच्या शुक्राणूंतले डीएनएवरचे मिथाइलचे ठसे (जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) तपासले, १२ ओढणारे आणि १२ न ओढणारे. ओढणाऱ्यांत अनेक जागी फरक होते. पुढच्या अभ्यासात ७७ दिवस पूर्ण बंद ठेवल्यावर यातले बरेच फरक मिटलेले दिसले. माणसं थोडी आहेत, मूल कसं निपजेल हे यातून सांगता येत नाही. पण ७७ दिवस आणि आपला ९०चा हिशोब जुळतो.

नमुन्याबद्दल, कारण निम्मे रिपोर्ट इथेच बिघडतात. आधीचे संबंध किंवा हस्तमैथुन यांपासून किमान दोन, जास्तीत जास्त सात दिवसांचं अंतर. तोंड रुंद असलेली लॅबचीच बाटली घ्या. साबण, तेल, लाळ, जेली काही नको. साधा निरोधही चालत नाही, त्यात शुक्राणू मरतात. पहिला थेंब सांडला तर लॅबला सांगून टाका, सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच भागात असतात आणि रिपोर्ट उगाच खराब येतो. घरून आणायचं तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, बाटली शर्टच्या आत अंगालगत ठेवून. स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत हात घालून बघा, मग शुक्राणूंचं काय होतं ते कळेल. एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू किंवा कसलाही मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही फॉर्मवर लिहा, ताप एकटाच काउंट पाडतो.

आणि सगळं खापर गांज्यावर फोडू नका. वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांत व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणं, फार सापडतं. ते डॉक्टरने उभं करून हाताने तपासलं की कळतं. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर काउंट थेट शून्यावर नेतात आणि परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्यांच्यापुढे गांजा किरकोळ. पोदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) भट्टीपुढे, शॅकच्या (किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलाच्या) तंदूरपुढे आठ-दहा तास उभं राहणाऱ्यांच्या वृषणांना उष्णता सोसावी लागते. आणि आपल्याकडे जॉइंट म्हणजे बहुतेक वेळा सिगारेटची तंबाखू अधिक गांजा किंवा चरस. तंबाखूचं नुकसान वेगळं मोजा.

प्रसूतीकक्ष (मडगाव)

वरच्या उत्तरात पुरुषांची बाजू सविस्तर आली. बाईच्या बाजूचे अभ्यास कमी आहेत, पण जे आहेत ते जास्त काळजी करायला लावणारे आहेत असं माझं मत.

पाळीचं चक्र मेंदूतून एलएच, म्हणजे बीजमोचन घडवणारं हॉर्मोन, सुटण्यावर चालतं. १९८६मध्ये पाळीच्या उत्तरार्धात असलेल्या बायकांना गांज्याची एक सिगारेट दिली, त्यात टीएचसी अवघं १.८ टक्के. एलएच सुमारे ३० टक्क्यांनी खाली आलं. आज जो माल फिरतो त्यात याच्या कितीतरी पट टीएचसी असतं. एलएचची उसळी दबली की बीजमोचन लांबतं किंवा त्या महिन्यात होतच नाही. रोज ओढणाऱ्या बाईचं शरीर काही महिन्यांनी सरावतं आणि पाळी पुन्हा वेळेवर येऊ लागते, हे माकडिणींत दिसलंय. त्यामुळे "माझी पाळी रेग्युलर आहे" एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत आधी एक-दोन गर्भपात झालेल्या १,२२८ बायका होत्या. गांजा घेतला का हे नुसतं विचारलं नाही, लघवीही तपासली. घेणाऱ्यांत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी कमी, आणि पाठपुराव्याच्या काळात ६६ टक्क्यांच्या जागी ४२ टक्क्यांनाच गर्भ राहिला. घेणाऱ्या बायका एकूण पाचेक टक्केच होत्या, म्हणजे आकडा लहान गटावरचा. याच्या उलट, इंटरनेटवरून जोडप्यांचा पाठपुरावा करणाऱ्या बोस्टनच्या दुसऱ्या अभ्यासात फारसा फरक दिसला नाही. तिथे मात्र जोडप्यांनी स्वतः सांगितलेल्यावर भिस्त होती. दोन्ही सांगा. लपवलेलं मुलांना सापडतं आणि मग आपल्यावरचा विश्वास जातो.

गर्भ रुजण्याचा काळ नाजूक. त्या चार-पाच दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात आनंदामाइड कमी व्हावं लागतं. टीएचसी बाहेरून आलं की अस्तराला मिळणारा हा इशारा बिघडतो. उंदरांत ही यंत्रणा बिघडवली तर गर्भ नलिकेतच अडकून राहिलेले दिसले. माणसात नलिकेतल्या गर्भधारणेशी गांज्याचा असा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, तेव्हा ते सांगून कुणाला घाबरवू नका.

अंडं पक्व होण्याचा शेवटचा टप्पाही साधारण तीन महिन्यांचाच. म्हणून दोघांनी एकाच तारखेला थांबावं. तेव्हापासूनच बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल तर मात्रा वेगळी, ती डॉक्टर ठरवतील.

आयव्हीएफकडे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बोस्टनच्याच वंध्यत्व केंद्रात, उपचार सुरू करताना ओढत असलेल्या बायकांत गर्भ राहून नंतर पडण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं, इतरांत २६. बायका फार थोड्या होत्या, पण एवढ्या खर्चाच्या आणि त्रासाच्या उपचारात ही जोखीम कशाला घ्यायची? दुसरी गोष्ट, अंडी काढताना भूल देतात. रोज गांजा ओढणाऱ्या माणसाला प्रोपोफोल या भुलीच्या औषधाची मात्रा जास्त लागते. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक नसेल तर पेशंट मध्येच हलतो, आणि सुई बीजांडात असते. त्यांच्यापाशी लपवू नका. बांबोळीला गोमेकॉत (सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) आयव्हीएफ मोफत आहे. २०२१च्या कायद्याप्रमाणे बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ यांत असावं लागतं.

आता उमाशांचं. "थोडासा" हा शब्द इथे उपयोगाचा नाही, कारण टीएचसी वारेतून बाळापर्यंत जातं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ६,६१,६१७ गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या, २०१९ची गोष्ट. तंबाखू, दारू, आर्थिक स्थिती वगैरे सारख्या असलेल्या बायकांशी तुलना केली तरी दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण १०.२ टक्के विरुद्ध ७.२ टक्के होतं. वजन कमी भरणं, बाळाला काचेत ठेवावं लागणं हेही जास्त.

आणि एक फसवी गोष्ट आहे. खूप दिवस रोज गांजा घेणाऱ्यांना कधीकधी त्यानेच उलट्या लागतात, थांबता थांबत नाहीत. गरोदरपणात हे डोहाळ्यांच्या उलट्यांसारखंच दिसतं, म्हणून बाई आणखी ओढते आणि आणखी ओकते. ओळखायची खूण: कढत पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं, आणि म्हणून दिवसातून चार-पाच वेळा बाथरूम. ही खूण दिसली की विचारा, रागावू नका. बंद केल्यावर थांबतात, पण काही दिवस ते आठवडे जातात.

साध्या उमाशांवर डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची एकत्र गोळी वर्षानुवर्षं वापरात आहे, प्रत्येकी १० मिलिग्रॅमची. रात्री झोपताना सुरू करतात, पुढची मात्रा डॉक्टर वाढवतात. उठल्याबरोबर कोरडं काहीतरी, बिस्किट किंवा पावाचा कडक तुकडा, आणि पेज थोडी थोडी. आठ तास लघवी झाली नाही, पाणीही पोटात ठरत नाही, किंवा वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, तर घरगुती उपाय सोडून सरळ म्हापशाचं जिल्हा इस्पितळ नाहीतर गोमेकॉ. सलाईन लागेल.

अंगावर पाजणाऱ्या आयांनी "दूध पिळून टाकते आणि मग पाजते" असं करू नये. एकदा ओढल्यावर सहा दिवसांपर्यंत दुधात टीएचसी सापडलेलं आहे, आणि रोज ओढणाऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त दिवस. पिळून टाकल्याने ते लवकर जात नाही, कारण ते आईच्या चरबीतून येत राहतं.

खाझनवाट (पेडणे)

देव बरें करूं, दोघांनाही. दिवसांचा हिशोब कळल्यामुळे आता नवऱ्यालाही तारीख देता येईल. तीन उपप्रश्न. बंद करायचं तर एकदम की हळूहळू? डॉक्टरला खरं सांगितलं तर पोलिसांपर्यंत जाईल ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते, तिला उत्तर काय? आणि फक्त नवरा ओढतो, बायको नाही, तर तिच्यावर धुराचा परिणाम?

नितळ (बांबोळी)

पहिल्याचं उत्तर. फक्त गांजा असेल तर एकदम बंद करायला वैद्यकीय धोका नाही. रोजची दारूही असेल तर मात्र दारू एकदम तोडू नका. तिच्या तुटीत, म्हणजे अचानक बंद केल्यावर होणाऱ्या त्रासात, झटके आणि भ्रम होऊन जीव जाऊ शकतो; ती देखरेखीखालीच सोडायची. फेणी, हुर्राक ही दारूच, हे स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर "दारू नाही पीत, हंगामात हुर्राक घेतो तेवढाच" असं उत्तर येतं.

गांज्याची तूट पहिल्या एक ते तीन दिवसांत सुरू होते, पहिल्या आठवड्यात जोर असतो, दोन आठवड्यांत बरीचशी ओसरते. चिडचिड, भूक मरणं, घाम, आणि झोप नाही. झोप लागली तर स्वप्नं इतकी ठसठशीत पडतात की माणूस घाबरून उठतो. हे बायकोला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दहा दिवसांत घरात नुसती भांडणं होतात आणि पोरगा "यापेक्षा ओढलेला बरा" म्हणत परत फिरतो. झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणून घेऊ नये, त्याचीच सवय लागते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, रात्रीच्या जागरणाचं काम दोन आठवडे टाळा, आणि संध्याकाळी ओढायची जी ठरलेली वेळ असते तेव्हा हाताला दुसरं काम.

जॉइंट तंबाखूचा असेल तर निकोटिनचीही तूट येते. तलफ गांज्याची वाटते, असते तंबाखूची. हे ओळखलं नाही तर माणूस सिगारेटकडे वळतो, तिथे मित्र जॉइंट पुढे करतात आणि सगळं परत सुरू. निकोटिन गम किंवा पॅच डॉक्टरांना विचारून घेता येतो.

किनारपट्टीच्या मुलांसाठी तारीख निवडायला पावसाळ्यासारखा काळ नाही. मे अखेरीला शॅक उतरतात, पाहुणे जातात, मालही कमी होतो आणि संगतही. १ जूनला थांबलं तर ऑगस्टअखेर ९० दिवस भरतात. चतुर्थीच्या आसपास नमुना द्यायचा, ऑक्टोबरला सीझन सुरू व्हायच्या आत रिपोर्ट हातात. फक्त पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाचा ताप आला तर तपासणी तीन महिने पुढे ढकला.

एकट्याने जमत नसेल तर बांबोळीलाच आयपीएचबी या सरकारी मनोविकार संस्थेची ओपीडी आहे, गोमेकॉच्या जवळ. फोनवर बोलायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, आणि १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची. दोन्ही मोफत.

कायदेपान (पणजी)

भीतीबद्दल थोडक्यात. पेशंट स्वतः गांजा ओढतो असं डॉक्टरला कळलं तर त्याने पोलिसांना कळवावं असं बंधन १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात नाही. उलट पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ने व्यसनावर उपचार घेणाऱ्यालाही तो हक्क दिला आहे.

पण ओढणं हा गुन्हा नाही असा अर्थ कुणी काढू नये. सेवनासाठी कलम २७खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक किलोच्या आतला गांजा आणि १०० ग्रॅमच्या आतला चरस "अल्प प्रमाण" धरतात. त्यालाही शिक्षा आहेच, एक वर्षापर्यंत. "अल्प" ऐकून काही मुलांना सूट असल्यासारखं वाटतं, तसं नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, म्हणून ओपीडीचे कागद आणि तारखा जपून ठेवायला सांगा.

सूक्ष्मदर्शक (फोंडा)

धुराबद्दल. बंद खोलीत, एसी लावून, दारं-खिडक्या मिटून कुणी ओढत असेल तर शेजारी बसलेल्याच्या रक्तात टीएचसी मोजता येण्याइतकं जातं. उघड्या गॅलरीत ते फारच कमी होतं. त्याने गर्भधारणेवर किती परिणाम होतो याला भरवशाचा आकडा नाही. पण धूर तो धूरच, त्यातला कार्बन मोनॉक्साइड गरोदर बाईच्या रक्तातला ऑक्सिजन कमी करतो. तीन महिन्यांसाठी नवऱ्याने बंदच करायचं आहे, तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटावा.

भांग, गोळ्या, तेल यांबद्दल कुणी विचारलं नाही, पण विचारतील. ओढण्याऐवजी खाल्ल्याने वृषणांची सुटका होत नाही. वरचा माकडांचा प्रयोग खाण्याचाच होता. खाल्ल्यावर यकृतात टीएचसीचं आणखी जोरदार रूप तयार होतं, परिणाम अर्ध्या ते दोन तासांनी चढतो आणि जास्त वेळ टिकतो. "चढलं नाही" म्हणून दुसरा पेला घेतला जातो तो यामुळेच. भांग वीर्यवर्धक आहे असं सांगून जी चूर्णं आणि तेलं ऑनलाइन विकली जातात, त्यांवर विजया हा शब्द शोधा. ती हीच वनस्पती. चान्स घेत असताना तीही बंद.

खाझनवाट (पेडणे)

आणखी एक, अगदी व्यवहारातलं. पेडण्याहून फोंड्याला किंवा बांबोळीला नमुना घेऊन यायचं तर तास सहज उलटतो, वाटेत ट्रॅफिक वेगळा. अशांनी काय करावं?

सूक्ष्मदर्शक (फोंडा)

घरून आणूच नये. लॅबला आधी फोन करून नमुना द्यायला स्वतंत्र खोली आहे का ते विचारा. आयव्हीएफ केंद्रांत ती असतेच, चांगल्या लॅबमध्येही असते. म्हापशाला अशी सोय मिळाली तर तिथेच द्या, लांब येण्यात काही विशेष नाही. सकाळची वेळ घ्या म्हणजे टेस्टोस्टेरॉन, एफएसएच आणि एलएच या हॉर्मोनांसाठीचं रक्तही दहाच्या आत त्याच फेरीत देता येतं, आणि ते सकाळचंच लागतं. खोलीत जमलं नाही तर लॅबकडे तपासणीसाठीचा वेगळा निरोध मिळतो, शुक्राणूंना न मारणारा, तो मागून घ्या. मात्र तो वापरायचा तरी लॅबजवळच कुठेतरी उतरावं लागेल. फॉर्मवर नमुना बाटलीत घेतल्याची वेळ मिनिटासकट लिहायची, आणि त्याच्याखाली "शेवटचा जॉइंट" म्हणून तारीख. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला ती तारीख सगळ्यात आधी लागते.